ओबद्या आणि दोन नावांची माणसे

रविवारचा पौल आणि सोमवारचा पांडुरंग, अशी नांदेड-लातूरकडील ख्रिस्ती माणसाची थट्टा आपल्या शिकल्यासवरल्या कुटुंबांतून अधूनमधून ऐकू येते. धर्मग्रामाच्या नोंदवहीत एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे, ही म्हणे त्याची खूण. ज्याला एक नाव धड मिरवता येत नाही त्याची श्रद्धा ती काय असणार, असा निवाडाही पाठोपाठ दिला जातो. हा निवाडा देणाऱ्यांनी जुन्या करारातील ओबद्या हे नाव एकदा नीट वाचावे, अशी आमची विनंती आहे.

या हिब्रू नावाच्या पूर्वार्धाचा अर्थ सेवक. शेवटचे ‘या’ हे परमेश्वराच्या पवित्र नामाचे संक्षिप्त रूप असून एलिया व यशया या नावांच्या अखेरीसही तेच आहे. ओबद्या म्हणजे परमेश्वराचा सेवक. अरबीतील अब्दुल्ला हा त्याचा सख्खा भाऊ, आणि आपला देवदास किंवा प्रभुदास हा अर्थाने तोच. नांदेडला तर हा अर्थ नवा नाहीच. १७०८ साली गोदातीरी गुरू गोविंदसिंगांना भेटलेला बैरागी माधोदास पुढे ‘बंदा’ म्हणून प्रसिद्ध झाला. बंदा म्हणजेही सेवक! गुरू बदलला, पंथ बदलला. नावातील सेवकपण राहिले.

तेव्हा लातूरच्या एखाद्या बापाने मुलाचे नाव देवदास ठेवले, तर त्याने बायबलबाहेरचे काय केले? १९१७ च्या धर्मविधिसंहितेत ख्रिस्ती नावाचा आग्रह होता. १९८३ च्या संहितेची अपेक्षा एवढीच आहे की नाव ख्रिस्ती भावनेला परके नसावे. ज्यांच्या पूर्वजांची ही हिब्रू नावे, त्या कोकणातील बेने इस्राएलांत सामाजी आणि हसाजी होतेच. मुंबईत १७९६ साली पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर. त्यांच्या निष्ठेवर कोणी शंका घेतल्याचे आमच्या वाचनात नाही.

जुन्या करारात हे नाव धारण करणारे डझनभर तरी आहेत. दाविदाला जाऊन मिळालेला गादी योद्धा, योशियाच्या काळी मंदिराच्या दुरुस्तीवर देखरेख करणारा लेवी, नहेम्याच्या ग्रंथातील द्वारपाल. त्यांच्याविषयी शास्त्र फारसे बोलत नाही. ज्याच्याविषयी बोलते तो अहाब राजाचा कारभारी, पहिल्या राजे ग्रंथाच्या अठराव्या अध्यायातला. राजा बआलाचा, राणी ईजबेल संदेष्ट्यांच्या जिवावर उठलेली, आणि त्याच वाड्याचा कारभार पाहणारा हा परमेश्वराचा सेवक. त्याने शंभर संदेष्टे पन्नास-पन्नास करून गुहांत लपवले व दुष्काळात त्यांना अन्नपाणी पुरवले. हे अन्न कोणाच्या पगारातून आले असेल, याचा विचार टीकाकारांनी करावा. पुढे वाटेत एलिया भेटला तेव्हा ओबद्याने त्याला स्वामी म्हटले, आणि एलियाने त्याला सांगितले ते तुझ्या स्वामीला, म्हणजे अहाबाला, जाऊन कळव असे. ‘आधी चाकरी सोड’ असे तो जळजळीत संदेष्टादेखील म्हणाला नाही. ओबद्या घाबरला होता, हेही शास्त्र लपवीत नाही. पण तो परमेश्वराचे फार भय धरणारा होता, अशी साक्ष त्याच अध्यायात आहे.

आता दोन नावे कशामुळे होतात ते पाहू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला. १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना त्यात सामावून घेतले. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली, ती तशीच पडून राहिली. २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. म्हणजे एकाच वस्तीतील तीन भावांपैकी एक हिंदू राहिला, एक बौद्ध झाला, एक ख्रिस्ती. तर तिसऱ्याचीच जात कायद्याने पुसली. गावाने पुसली काय? स्नानसंस्काराच्या पाण्याने गावच्या पाणवठ्यावरचा भेद धुतला जात नाही, हे मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही.

यावर कोणी म्हणेल की खोटे ते खोटेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात, ख्रिस्ती आचरण ठेवून केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणे ही संविधानाची फसवणूक होय, असे म्हटले. धर्माच्या रकान्यात असत्य लिहिण्याचे समर्थन आम्हीही करीत नाही. परंतु आजीने ठेवलेले नाव हे असत्य नव्हे. आणि मुलीची फी भरण्यासाठी ज्या बापाला श्रद्धा व दाखला यांत निवड करावी लागते, त्याच्यापेक्षा ही निवड लादणाऱ्या आदेशावर आमचा रोष अधिक आहे. आपल्यापैकी किती जणांनी त्या आदेशाविरुद्ध एक अर्ज तरी केला?

ओबद्या नावाचा संदेष्टाही आहे. त्याचे पुस्तक जुन्या करारात सर्वांत लहान, अवघ्या एकवीस वचनांचे. ज्यू परंपरा त्याला अहाबाचा तोच कारभारी मानते आणि तो जन्माने अदोमी, म्हणजे धर्मांतरित होता असे सांगते. त्याचा सारा संताप अदोमावर आहे. यरुशलेम लुटले जात असता सख्खा भाऊ असूनही अदोम अलिप्त उभा राहिला व भावाच्या दुर्दशेकडे मजेने पाहत राहिला, हा त्याचा पहिला आरोप. लुटीत हात घातला, हा त्यानंतरचा.

नांदेड-लातूरची कुटुंबे रोजगारासाठी मुंबई-पुण्याला येतात, लग्न ठरले की गावच्या धर्मगुरूंचे पत्र घेऊन नव्या धर्मग्रामाच्या कचेरीत उभी राहतात. पत्रावरचे नाव आधारकार्डाशी जुळत नाही. अशा वेळी टेबलापलीकडच्या माणसाने भुवया उंचावण्याआधी दोन्ही नावे नोंदवहीत लिहून घ्यावीत आणि त्यांना बसायला खुर्ची द्यावी.