बीज, अंकुर आणि अभ्यासक्रम

‘आधी कोंबडी की आधी अंडे?’ हा प्रश्न आपल्याकडे उत्तरासाठी क्वचितच विचारला जातो. वाद थांबवायचा असला की तो पुढे केला जातो. साहित्यचर्चेत तर तो फारच सोयीचा. समाजातून साहित्य घडते की साहित्यातून समाज, आधी कलाकृती की आधी समीक्षा, अशा कोणत्याही चर्चेवर ‘हे कोंबडी-अंड्यासारखेच आहे’ असे म्हणून पडदा टाकता येतो. या पडदा टाकण्याला आमचा आक्षेप आहे.

निव्वळ कालक्रम पाहिला तर उत्तर अवघड नाही. कवचाची अंडी पक्ष्यांहून कितीतरी जुनी आहेत. गुजरातेत बालासिनोरजवळ डायनोसॉरांच्या अंड्यांचे जीवाश्म सापडले आहेत. ‘कोंबडीचेच अंडे’ असा आग्रह धरला तरी रानकोंबड्यापासून पाळीव कोंबडी अनेक पिढ्यांच्या सूक्ष्म बदलांतून झाली. ‘ही पहिली कोंबडी’ अशी रेघ एका पिढीपाशी ओढता येत नाही. अ‍ॅरिस्टॉटलची दृष्टी वेगळी होती. त्याच्या मते पूर्णत्वाला पोचलेली वस्तू तिच्या निव्वळ शक्यतेच्या आधी मानली पाहिजे. त्या न्यायाने कोंबडी आधी. म्हणजे काळातले ‘आधी’ आणि तत्त्वातले ‘आधी’ ही दोन निराळी असतात.

आपल्या शास्त्रपरंपरेने आणखी एक भेद केला आहे, आणि तो आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. दोन गोष्टी एकमेकींवरच टेकलेल्या असतील तर तो अन्योन्याश्रय; तो दोष होय. बीज आणि अंकुर यांचे नाते मात्र तसे नाही. ज्या बीजातून हा अंकुर आला, ते बीज या अंकुराच्या झाडाचे नव्हे, आधीच्या झाडाचे. परंपरा अनादी असली तरी तिच्यातल्या प्रत्येक दुव्याला निश्चित असे आधी आणि नंतर असते. म्हणूनच ही अनवस्था शास्त्रकारांनी दोष मानली नाही. शंकराचार्यांनी कर्म आणि संसार यांच्या अनादित्वासाठी हाच दृष्टांत वापरला. ‘कोंबडी-अंडे’ म्हणून चर्चा मिटवणारा माणूस बीजांकुराला अन्योन्याश्रय समजत असतो.

साहित्यशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसांपासून भाव की भावांपासून रस, असा प्रश्न सरळ उपस्थित केलेला आहे. भरताने आधी भावांपासून रस असा पक्ष घेतला, मग दोहोंचे परस्परावलंबन सांगितले, आणि शेवटी बीजापासून वृक्ष व वृक्षापासून फुले-फळे या दृष्टांताने रसांना मूळ ठरवले. वरवर पाहता हा गोंधळ वाटतो. अभिनवगुप्ताने तो उलगडला: कवीच्या ठिकाणचा रस हे बीज, काव्य हा वृक्ष, नटाचा अभिनय हे फूल आणि रसिकाचा आस्वाद हे फळ. कोणाच्या बाजूने पाहतो आहोत हे ठरले की क्रमही ठरतो.

मराठीतली उदाहरणे याच दिशेने बोलतात. मर्ढेकरांचा ‘शिशिरागम’ १९३९ चा, ‘वाङ्मयीन महात्मता’ १९४१ ची, ‘काही कविता’ १९४७ ची आणि ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५ चे. कविता, विचार, कविता, विचार. येथे कवी आधी की मीमांसक, हा प्रश्न निरर्थक आहे. पण १९४७ ची कविता १९४१ च्या विचारानंतरची आहे, हे सांगणे निरर्थक नाही. नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ ची आणि ‘टीकास्वयंवर’ १९९० चे. दलित साहित्याचे पहिले संमेलन १९५८ साली मुंबईत भरले, बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ मध्ये आला, आणि शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ १९९६ मध्ये. भूमिकेने लेखनाला बळ दिले आणि त्या लेखनाने पुढच्या सिद्धांताला.

मग आमच्या वर्गांत काय घडते? विद्यार्थ्याला आधी काव्याची व्याख्या, मग प्रयोजने, मग नवकाव्याची सात-आठ वैशिष्ट्ये दिली जातात. कविता येते ती त्या वैशिष्ट्यांचे उदाहरण म्हणून, पुष्कळदा तीही गाइडमधल्या दोन ओळींपुरती. परीक्षेतला प्रश्न वैशिष्ट्यांचा असतो, त्यामुळे कविता न वाचताही तो सोडवता येतो. याचे समर्थन करताना सांगितले जाते ते असे की, सिद्धांताशिवाय वाचन आंधळे आणि वाचनाशिवाय सिद्धांत पोकळ. कोठूनही सुरुवात केली तरी सारखेच.

ते सारखे नाही. परंपरेला आरंभ नसेल. विद्यार्थ्याच्या वाचनाला आहे. तो एका विशिष्ट वर्षी, एका विशिष्ट कवितेपाशी येतो. निष्पाप, कोरे वाचन नसतेच, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. पण त्यामुळे आमचेच म्हणणे बळकट होते. विद्यार्थी कोरा नसतो. जात्यावरच्या ओव्या, कीर्तन, सिनेमातली गाणी, घरची बोली यांतून कवितेची एक कल्पना घेऊनच तो येतो. त्याचे बीज त्याच्यापाशी आहे. आपण त्यावर तयार व्याख्या ठेवतो, आणि त्याला स्वतःचे काहीच नव्हते असे त्याला वाटू लागते. विशेषतः पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याचे यात मोठे नुकसान होते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. अभ्यासक्रमात कलाकृती आधी यावी, तीही संपूर्ण. तिच्याविषयी विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत काही म्हणावे, ते अपुरे पडावे, आणि ते अपुरेपण जाणवल्यावर मर्ढेकरांचा किंवा भरताचा विचार त्याच्यापुढे ठेवावा. तेव्हा व्याख्या हे उत्तर म्हणून येईल, कारण प्रश्न त्याचा स्वतःचा असेल. पुढच्या कवितेकडे तो ती व्याख्या घेऊन जाईल, आणि कदाचित ती मोडूनही परतेल. साहित्यव्यवहारात कोण आधी याचा निवाडा होवो न होवो, वर्गात आधी काय उघडायचे हे आपल्या हाती आहे.