नगर पळत बघावं

स्पष्टच सांगतो. नगर हे गाडीतून बघायचं शहर नाही आणि फक्त चालत बघायचंही नाही. नगर पळत बघावं. सकाळी साडेपाचला, आठ-दहा जणांनी मिळून, आणि सोबत गावातला एक माहितगार माणूस घेऊन.

माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना नगर म्हणजे पुण्याहून शिर्डीला जाताना लागणारं ट्रॅफिक एवढंच माहीत आहे. गाडी थांबते ती चहासाठी. २०२२ मध्ये उड्डाणपूल सुरू झाल्यापासून तर खाली शहर आहे हेसुद्धा लक्षात येत नाही. आणि गंमत म्हणजे मूळचे नगरचेच असलेले, हिंजवडी-खराडीत नोकरी करणारे दोस्त यात आघाडीवर! रोमला हनिमूनला जाऊन आलेत, कलोझियमचे चारशे फोटो आहेत. बाग रौजा कुठे आहे विचारलं तर "कुठल्या एरियात येतो रे?" असं मलाच विचारतात.

शहरं पळत दाखवण्याची कल्पना माझी नाही. न्यूयॉर्क, रोम, बर्लिन इथे हे दोन हजारच्या दशकापासून चालू आहे. गाईड तुमच्याबरोबर पळतो, ठिकाण आलं की थांबतो, तीन-चार मिनिटं सांगतो, की परत पुढे. आपल्याकडे हंपीत 'गो हेरिटेज रन' होते. पण माझ्या मते ही पद्धत रोमपेक्षा नगरला जास्त लागू पडते, आणि त्याचं कारण नगरच्या नकाशात आहे.

पुण्यात शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती हे सगळं एका हाकेच्या अंतरावर. तिथे हेरिटेज वॉक ठीक आहे. नगरचं तसं नाही. मलिक अहमदने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेला हरवलं आणि तिथे आधी काय केलं, तर बाग! 'बाग निजाम'. आजचा भुईकोट किल्ला त्याच जागेवर आहे. निजामशाहीला बागांचा शौकच होता, आणि बागा काही पेठेत बसत नाहीत. त्यामुळे महाल एका टोकाला, थडगी दुसऱ्या टोकाला, मशीद मध्येच कुठेतरी. पश्चिमेला सीनेच्या काठचा बाग रौजा ते आग्नेयेचा फराहबाग, मधली ठिकाणं घेत गेलं तर साधारण नऊ-दहा किलोमीटर होतात. चालत गेलात तर ऊन डोक्यावर येतं आणि निम्मी मंडळी गळतात. गाडीने गेलात तर पार्किंग शोधण्यात सकाळ जाते आणि दोन ठिकाणांमधलं शहर काचेबाहेरच राहतं. किलोमीटरला सात-आठ मिनिटं या वेगात मात्र सगळं नीट बसतं. आठच्या आत उरकून आपण मिसळीच्या पुढ्यात!

(नाश्त्याआधी नगर उरकायची परंपरा तशी जुनी आहे. ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने सकाळीच पेठेचा तट शिड्या लावून घेतला, तेव्हा त्याच्या छावणीतल्या एका मराठा सरदाराने म्हणे आश्चर्य केलं होतं की ही माणसं सकाळी आली, तट ओलांडला आणि परत न्याहारीला गेली. किल्ला मात्र त्यानंतर चार दिवसांनी पडला. :))

आता रूट. सुरुवात बाग रौजापासून करावी, कारण शहर वसवणारा तिथेच झोपलाय. काळ्या दगडाची, घुमटाची देखणी इमारत. जवळच एका हत्तीचं स्मारक दाखवतात. त्याचं नाव गुलाम अली. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला पकडणारा तो हाच, असं सांगतात. हंपीच्या अवशेषांत पळून आलेल्या माणसाने इथे दोन मिनिटं थांबावं. त्या कथेचं दुसरं टोक इथे सीनेच्या काठावर आहे.

तिथून दिल्ली दरवाजा, मग कापड बाजार. दिवसा इथे पाय ठेवायला जागा नसते. पहाटे मात्र दुकानांची शटर्स बंद असतात आणि मग मान वर करून जुने लाकडी सज्जे बघता येतात. पुढे कोटला. बुऱ्हाण निजामशहाच्या काळातली, सोळाव्या शतकातली ही जागा. नगरचा मोहरम प्रसिद्ध आहे. इथल्या बारा इमाम कोटल्याच्या आणि मंगलगेटच्या सवाऱ्या बघायला सगळं गाव लोटतं, आणि त्या गर्दीत कोण कुठल्या धर्माचा हे विचारत बसायला कोणाला सवड नसते.

आणि मग किल्ला. इथे जरा रेंगाळतो, कारण इथे रेंगाळलंच पाहिजे.

भुईकोट म्हणजे डोंगर नाही, कडा नाही. सपाट जमिनीवर जवळजवळ गोल तटबंदी, साधारण पावणेदोन किलोमीटर घेर, आणि भोवती रुंद खंदक. हुसेन निजामशहाने १५५९ पासून तो दगडात बांधून काढला. सह्याद्रीतले किल्ले चढायची सवय असलेल्या आपल्याला वाटतं, यात काय आहे? पळताना कळतं काय आहे ते. तट वळत राहतो, संपत नाही, आणि कुठेही उभे राहिलात तरी कुठला ना कुठला बुरूज तुमच्याकडे बघत असतो. १५९५-९६ च्या हिवाळ्यात अकबराचा मुलगा मुराद इथे सुरुंग लावून बसला होता. तटाला खिंडार पडलं आणि चांदबिबीने ते रातोरात भरून काढलं. तो पावणेदोन किलोमीटर मी जेव्हा जेव्हा डोळ्यासमोर आणतो तेव्हा तेव्हा वाटतं, एवढ्या घेरावर कुठल्या बाजूला सुरुंग आहे हे शोधायचं, तेही वेढ्यात उपाशी बसून! आमच्या प्रॉडक्शनमधला बग शोधणं त्यापुढे पोरखेळ.

याच किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेस कार्यकारिणीतले नेते कैदेत होते. नेहरू, पटेल, आझाद, नरेंद्र देव, शंकरराव देव. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४ मध्ये इथेच पाच महिन्यांत लिहिलं, हे शाळेत पाठ केलेलं असतं. मौलाना आझादांचं 'गुबार-ए-खातिर' मात्र कोणी सांगत नाही. पोस्टात न पडलेली पत्रं. त्यात चहावर आहे, खोलीत घुसणाऱ्या चिमण्यांवर आहे. आणि एप्रिल १९४३ मध्ये त्यांची बायको कलकत्त्यात गेली, तेव्हा हा माणूस इथे आत होता, सुटकेसाठी अर्ज करायचा नाही म्हणून. ज्या गाईडला हे सांगता येतं त्याच्यासाठी मी दहा किलोमीटर जास्त पळेन.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवायचं, सांगतील तिथेच जायचं, फोटो विचारून काढायचे. यावर कुरकुर करणारे बरेच भेटतात. मला वाटतं, जे उरलंय ते बऱ्याच अंशी या शिस्तीमुळेच उरलंय. ताब्यात नसलेल्या इमारतींभोवती काय काय उगवलंय ते बघत बघतच आपण इथवर आलेलो असतो.

पुढे दमडी मशीद. आकाराने लहान, पण दगडातलं कोरीवकाम असं की घाम पुसायचं राहून जातं. किल्ल्याच्या बांधकामावरच्या मजुरांनी एकेक दमडी काढून बांधली अशी कथा आहे. खरी असो वा नसो, शहरातल्या सगळ्यात सुंदर इमारतीचं श्रेय लोकांनी मजुरांना दिलं हे मला आवडतं. मग भिंगार, जिथे १७०७ मध्ये औरंगजेब मेला. आणि शेवटी फराहबाग, तळ्याच्या मधोमध बांधलेला महाल. तळ्यात आता पाणी नाही.

या पाण्यासाठीच खरं म्हणजे पळावं. नगर पर्जन्यछायेत. दहा किलोमीटर पळून घसा कोरडा पडला की मग प्रश्न पडतो, की या रुक्ष माळावर यांनी तळी, कारंजी आणि बागा कशाच्या जिवावर केल्या? कापूरवाडी, शेंडी या बाजूंनी खापराच्या नळांतून जमिनीखालून, नुसत्या उतारावर पाणी आणलं होतं. पंप नाही, वीज नाही. आम्हा इंजिनियर लोकांना चार वर्षं फ्लुइड मेकॅनिक्स शिकवलं, पण दोन तासांवरच्या नगरला न्यावं असं कोणाला सुचलं नाही. एसी गाडीत बिसलेरी पीत बघितलात तर हा प्रश्नच पडत नाही.

"दर्ग्या-मशिदींसमोरून चड्डीवर पळायचं?" असा आक्षेप मला एकाने घेतला होता. रास्त आहे. आवारात पळायचं नाही. बाहेर थांबायचं, ट्रॅकपँट चढवायची, बूट काढून आत जायचं. हे गाईडने निघतानाच सांगायचं. दुसरा आक्षेप मैत्रिणीचा, जास्त गंभीर. पहाटे एकट्या मुलीने पळायचं म्हणजे कुत्री, ट्रक आणि टपरीवरचे डोळे. तिचं म्हणणं, गाईड असलेला ग्रुप हीच तिला सोय आहे. एकटी असती तर तिने कोटल्याच्या पुढे पाऊल टाकलं नसतं.

माझा स्वतःचा आक्षेप वेगळाच आहे. मला याचा इव्हेंट झालेला नकोय. टी-शर्ट, मेडल, डीजे, झुंबा, स्टेजवर हार-तुरे. एकदा दोन हजार माणसं धावायला लागली की दमडी मशीद ही फक्त पाच किलोमीटरची खूण उरते. टायमिंग चिप आली की थांबतो कोण? दहा माणसं, एक गाईड, आणि घड्याळ खिशात. एवढंच पुरे. आणि गाईड गावातला हवा, त्याला पैसे मिळायला हवेत. मॅरेथॉनला हजार-दीड हजार भरणारे आपण, इतिहास सांगणाऱ्या पोराला पाचशे देताना "अरे, हे तर गूगलवर आहे" म्हणतो. नाहीये गूगलवर. आहे त्यातलं अर्धं चूक आहे.

उदाहरणार्थ चांदबिबी महाल. शहराच्या पूर्वेला, पाथर्डी रस्त्याने गेलं की डोंगरावर दिसणारी ती अष्टकोनी तीन मजली इमारत. अख्खं गाव तिला चांदबिबीचा महाल म्हणतं. तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान, ज्याने फराहबाग पुरा केला, त्याची ती कबर आहे.

नावांचा विषय निघालाच आहे तर, २०२४ मध्ये शहर आणि जिल्हा अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या, तेव्हा नावाचा मान मोठा आहे. त्यावर दोन्ही बाजूंनी व्हॉट्सॅपवर हिरिरीने लिहिणाऱ्या मित्रांना मी एकच विचारतो, चौंडीला गेलायस का? बाग रौजाला गेलायस का? बहुतेक वेळा दोन्हीचं उत्तर एकच असतं. मग मी पुढच्या रविवारची वेळ सांगतो.

सलाबतखानाची कबर या रूटमध्ये बसत नाही, लांब आहे. ती वेगळ्या रविवारी. पायथ्याला गाडी लावायची आणि घाटाच्या रस्त्याने चढ पळत जायचं. नगरची बरीच मंडळी सकाळी तिथे जातात, त्यामुळे सोबत मिळतेच. वर पोचल्यावर श्वास खाली बसेपर्यंत वरच्या कमानीतून बघत राहायचं. हवा स्वच्छ असेल तर खाली पसरलेलं सगळं शहर दिसतं.