चित्रात कोंडलेला हिशेब

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. बीड जिल्ह्यात नद्यांनी काठची पिके नेली, आणि काही ठिकाणी पिकांबरोबर मातीही खरवडून नेली. ऑक्टोबरमध्ये राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. घोषणा कितीही मोठी असली तरी तिची रक्कम शेतकऱ्यापर्यंत जाते ती गावच्या यादीतून. गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावात शासन म्हणजे ही यादीच होय: नाव, गट क्रमांक, क्षेत्र, विशिष्ट क्रमांक आणि रक्कम.

ही यादी आज बहुधा मोबाइलवर येते, आणि येते ती चित्र होऊन. संगणकाच्या पडद्याचा किंवा छापील कागदाचा फोटो काढला जातो. तो एका हातातून दुसऱ्या हातात जाताना पुसट होत जातो. शेवटचा रकाना कापला गेलेला असतो. आकडा तीन आहे की आठ, हे उमगत नाही. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेला ऊसतोड मजूर रात्री कोपीत बसून त्या चित्रात आपले नाव शोधत राहतो. चित्रात नाव शोधण्याची सोय नसते. शेकडो ओळी डोळ्यांनी चाळाव्या लागतात. ज्याला वाचता येत नाही, त्याने दुसऱ्यापुढे मोबाइल धरावा.

याचा दोष तलाठ्याला किंवा ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकाला देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नाही. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या या परिचालकाच्या हाती जी साधने आली, ती त्याची गरज विचारून घडवलेली नाहीत. कचेरीतील तक्त्याची प्रणाली रुंद पडदा, छपाईयंत्र आणि इंग्रजी आज्ञावली गृहीत धरते. यादी जशीच्या तशी पाठवावी तर मोबाइलवर रकाने तुटतात. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली मराठी तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांची रांग होते. छापायला जावे तर एका कागदाचे चार कागद होतात आणि नावे एका पानावर, रकमा दुसऱ्या पानावर जातात. अशा वेळी फोटो काढणे हाच त्याला एकमेव भरवशाचा मार्ग उरतो. जे साधन वापरणाऱ्याला पळवाट शोधायला लावते, ते साधनच सदोष होय.

परंतु या पळवाटेची किंमत कोण देतो, हा खरा प्रश्न आहे. १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क या नावाने संगणकावरील तक्ता बाजारात आला, तेव्हा त्याचे वैशिष्ट्य हेच होते की एक आकडा बदलला की बेरीज आपोआप बदलते. तक्ता जिवंत असतो. त्याची बेरीज घेता येते, नावे लावून पाहता येतात, एकच खाते क्रमांक दोनदा आला का हे क्षणात कळते. त्याचे चित्र केले की हे सारे सामर्थ्य संपते. आकडे दिसतात, पण बोलत नाहीत. अंध माणसासाठी पडदा वाचून दाखवणारी प्रणालीही त्यापुढे मुकी होते.

शहागडचा पूल ओलांडला की जालना जिल्ह्यातील अंबड तालुका लागतो. अंबड आणि घनसावंगी या तालुक्यांत आधीच्या वर्षांच्या अतिवृष्टी अनुदानात अपहार झाल्याचे २०२५ मध्ये उघडकीस आले आणि अनेक तलाठी निलंबित झाले. बोगस नावे याद्यांतच लपतात. मोजता येणारी यादी गावापुढे असती, तर चौकशी समितीची वाट न पाहता गावातील महाविद्यालयीन मुलांनीही ती तपासली असती.

दफ्तर न वाचता येणे, हे या भूमीला नवे नाही. निझामी राजवटीत दरबारी भाषा उर्दू होती, गावचे दफ्तर मोडीत होते, आणि कुळाच्या नावापुढे काय लिहिले आहे हे कुळालाच ठाऊक नसे. कागद ज्याच्या हाती त्याचीच सत्ता, ही गोष्ट महात्मा फुल्यांनी एकोणिसाव्या शतकातच ओळखली होती. पुढे राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया भरवून कामांचे हजेरीपट गावापुढे मोठ्याने वाचले. त्या लढ्यातून माहितीचा अधिकार आकाराला आला. २००५ च्या त्या कायद्याचे कलम ४ सांगते की अनुदान कार्यक्रमांतील रकमा व लाभार्थींचा तपशील शासनाने कोणी मागण्याची वाट न पाहता प्रकट करावा. कलम २ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती मिळवण्याचा हक्क देते. पुसट फोटो म्हणजे या हक्काची पूर्तता नव्हे.

तक्ता खुला दिला तर कोणी आकडे बदलील, असा आक्षेप घेतला जातो. तो फसवा आहे. फोटोतही फेरफार करता येतो. शिवाय मूळ प्रत सही-शिक्क्यानिशी शासनाच्या संकेतस्थळावर असेल तर बदललेली प्रत ताबडतोब उघडी पडते. आधार आणि बँक खात्यांचे क्रमांक झाकावेत, हे मात्र रास्त आहे. तपासणीसाठी त्या जागी प्रत्येक खात्याला एक सांकेतिक क्रमांक देता येईल.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक यादी युनिकोड मराठीत, मूळ तक्त्याच्या रूपात आणि बेरजेसह प्रसिद्ध व्हावी. ती छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी आणि तिचे चावडी वाचन व्हावे. टोळ्या कारखान्यांकडे निघण्यापूर्वी यादी तयार असेल तर त्यांच्या देखत व्हावे. शासन जी प्रणाली विकत घेते किंवा घडवून घेते, ती आधी परिचालकाच्या टेबलावर आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर पारखली जावी. हिशेब मागणे हा श्रमिकांचा अधिकार आहे. ज्या हिशेबाची बेरीज त्यांना करता येत नाही, तो त्यांना दिला असे शासनाने म्हणू नये.