दास्यमुक्तीची वार्ता

एखादा कायदा झाला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें पुष्कळांस वाटतें. आमचें मत निराळें आहे.

अमेरिकेंत टेक्सास प्रांतांत गॅल्व्हेस्टन नांवाचें बंदर आहे. अध्यक्ष लिंकन ह्यांनीं बंडखोर प्रांतांतील गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजीं काढला; परंतु सेनापति ग्रेंजर ह्यांनीं ती मुक्ति गॅल्व्हेस्टन येथें पुकारली १९ जून १८६५ रोजीं. म्हणजे सुमारें अडीच वर्षें मुक्त झालेलीं माणसें मळ्यांत राबतच होतीं! पुढील वर्षापासून तेथील लोक हा दिवस साजरा करूं लागले, आणि २०२१ सालीं तो साऱ्या अमेरिकेचा सुटीचा दिवस झाला.

वऱ्हाडाचा ह्या गोष्टीशीं संबंध आहे, व तो कापसाचा. त्या युद्धामुळें अमेरिकेचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, तेव्हां अमरावती, अकोला व खामगांव येथील कापसास सोन्याचा भाव आला. ज्या युद्धानें गुलामांच्या बेड्या तुटल्या, त्यानेंच आमच्या पेठा भरल्या. त्या मुक्तीचें मोल महाराष्ट्रांत जोतीराव फुले ह्यांनीं ओळखलें. १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक त्यांनीं अमेरिकेंतील दास्यविमोचक सज्जनांस अर्पण केलें.

आपल्या देशांत वेठबिगार बंद करणारा कायदा १९७६ सालीं झाला. त्यानें वेठबिगारांचें कर्ज रद्द झालें, व कर्जापायीं माणसास बांधून ठेवणें गुन्हा ठरला. परंतु ज्यास अक्षरओळख नाहीं, त्यास ही वार्ता कोणीं सांगावी? वऱ्हाडांत पाडव्यास सालदार ठरतो. योग्य मोल घेऊन राबणारा सालदार गुलाम नव्हे. पण मागील उचल फिटली नाहीं म्हणून ज्यास दुसऱ्याचें काम धरतां येत नाहीं, त्याच्या घरीं ती वार्ता अद्याप पोंचलेली नाहीं.

२ डिसेंबर हा संयुक्त राष्ट्रांनीं गुलामगिरी-निर्मूलनाचा दिवस मानला आहे. ते दिवस आमच्याकडे कापूसवेचणीचे. त्या दिवशीं शाळेंत भाषणें अवश्य व्हावींत. परंतु विद्यार्थ्यांनीं ह्या कायद्याचा सारांश सोप्या मराठींत उतरून शेतांत वाचूनही दाखवावा. आणि ज्या पालकांच्या वहींत कोणाची जुनी उचल लिहिलेली असेल, त्यांनीं त्या दिवशीं मुलांसमक्ष ती वही उघडावी, ही आमची नम्र विनंति आहे.