रात्रपाळीचा हिशेब

बोईसर-तारापूर पट्ट्यात 'पाळी' म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. औद्योगिक वसाहतीतले रासायनिक कारखाने आणि १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र यांच्या घड्याळावर इथले संसार चालतात. घरात कुणीतरी भरदिवसा झोपलेले असते आणि खेळणाऱ्या पोरांना 'हळू बोला रे' असा दम मिळत असतो. म्हणून डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची विमाने जमिनीवरच बसून राहिली, तेव्हा त्या गोंधळाचे मूळ खरे तर इथल्या वाचकाला सर्वांत आधी उमजावे. दूरचित्रवाणीवर आपण पाहिले ते सुटकेसचे ढीग आणि लग्नाला निघालेली, रडकुंडीला आलेली कुटुंबे. भांडण होते ते झोपेचे.

वैमानिकांच्या कामाच्या व विश्रांतीच्या तासांचे नवे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्येच काढले होते. कंपन्यांनी कुरकुर केली आणि ते लांबणीवर पडले. वैमानिकांच्या संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते अंमलात आले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. नियमातली 'रात्र' पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली जाऊ लागली. रात्री विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली.

आता हा हिशेब काही अवघड नाही. माझी उमेद बँकेत गेली. शाखेत चार खिडक्या असतील, तर चारच माणसे देऊन भागत नाही, हे आमचा नवखा अधिकारीही जाणून असे. रजा, आजारपण, प्रशिक्षण, घरचे कार्य हे सगळे धरून जादा माणसे मंजूर करावी लागत. ती रोज लागत नाहीत म्हणून वरच्या कचेरीतल्या काटकसरी साहेबांना नेहमी खुपत. (मार्चअखेरीला मात्र त्यांनाच ती हवी असत!) विश्रांतीचे तास वाढले की तेवढ्याच उड्डाणांना जास्त वैमानिक लागणार, हे गणित कंपनीला जवळजवळ दोन वर्षे आधी ठाऊक होते. तरीही हिवाळी वेळापत्रक भरगच्च आखले गेले. ३ ते ५ डिसेंबर या तीनच दिवसांत २,५०७ उड्डाणे रद्द झाली आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकले. महासंचालनालयाच्या चौकशीत पुढे हेच निघाले: माणसे आणि विमाने यांचा शेवटच्या थेंबापर्यंत वापर करण्याचा अट्टहास, नव्या नियमांसाठी अपुरी तयारी, आणि अडचणीसाठी हाताशी ठेवायची शिल्लकच नाही. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीला २२ कोटी २० लाखांचा दंड झाला.

पण दंडाच्या आधी काय झाले, ते अधिक बोलके आहे. गोंधळ आवरण्यासाठी सरकारने तिकिटांच्या दरांवर मर्यादा घातली, ते योग्यच केले. त्याचबरोबर रात्रीच्या कामाच्या काही नियमांतून या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूटही दिली. म्हणजे चूक वेळापत्रक आखणाऱ्यांची आणि सैल झाली ती वैमानिकाची झोप. वैमानिकांच्या संघटनेने या सवलतीला हरकत घेतली, तेव्हा 'प्रवासी अडकलेत आणि यांना विश्रांतीचे पडले आहे' असे बोलणारेही निघाले. त्यांनी २२ मे २०१० चा मंगळूर अपघात आठवावा. १५८ माणसे गेली. विमानाचा कप्तान वाटेत बराच वेळ झोपलेला होता, हे चौकशीत नोंदले गेले आणि त्याचे घोरणे ध्वनिमुद्रणात ऐकू आले होते.

अमेरिकेत २०१७ च्या नाताळापूर्वी उलटा प्रकार घडला होता. अमेरिकन एअरलाइन्सच्या संगणकाने सणाच्या ऐन गर्दीत हव्या तितक्या वैमानिकांना रजा देऊन टाकल्या आणि हजारो उड्डाणांना माणूस उरला नाही. कंपनीने दीडपट पगार देऊ केला. संघटनेने आधी तक्रार दाखल केली, आमच्याशी न बोलता हा दर ठरवलात कसा, असे विचारले, आणि अखेर दुप्पट मोबदल्यावर तडजोड झाली. ज्याने वेळापत्रक बिघडवले त्याच्याच खिशातून भरपाई निघाली आणि प्रवासीही घरी पोचले. आपल्याकडे मात्र संघटना म्हटले की पहिला शब्द सुचतो तो 'अडवणूक'.

हे सारे आकाशातले, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून चालणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तास करण्यास मंजुरी दिली. मधली सुट्टी पाचऐवजी सहा तासांनंतर आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तास. कामगाराची लेखी संमती घ्यावी लागेल, ही अट त्यात आहे. भोपाळची वायुगळती मध्यरात्रीच्या सुमारास झाली, थ्री माइल आयलंड अणुभट्टीतला बिघाड पहाटे चारला आणि चेर्नोबिलचा स्फोट रात्री दीडच्या आत. प्रत्येकाची कारणे वेगळी आणि गुंतागुंतीची आहेत. पण अशा घटकेला समोरच्या तबकडीवरचा काटा सरकलेला दिसण्यासाठी डोळे उघडे असावे लागतात, आणि काटा रसायनांच्या टाकीवरचा असला तरी नियम तोच.

वैमानिकांची संख्या मोजकी, पगार मोठे, वकील उभे करण्याची ऐपत. त्यांनाही आपली झोप मिळवायला वर्षे लागली आणि मिळालेली महिन्याभरात पातळ झाली. तारापूरच्या वसाहतीत ठेकेदारामार्फत लागलेला मुलगा डहाणू लोकलने येतो, पुढच्या पाळीचा माणूस आला नाही तर थांबतो, आणि उद्या ठेका दुसऱ्याला गेला तर काय, ही धास्ती बाळगून असतो. त्याच्यापुढे संमतीचा कागद येईल तेव्हा त्याने 'नाही' म्हटले, तर त्या रात्री टाकीपाशी उभे राहायला दुसरा माणूस कारखान्याने मंजूर करून ठेवला आहे काय, एवढे फाटकावर कुणी विचारून पाहावे.