गुरुजींना हार नकोत, वर्ग हवा

दर वर्षी ५ सप्टेंबरला गुरुजींच्या गळ्यात हार पडतात, शाल-श्रीफळ दिले जाते, 'राष्ट्राचे शिल्पकार' म्हणून त्यांच्यावर स्तुतिसुमने उधळली जातात आणि ६ सप्टेंबरला त्याच गुरुजींच्या हाती कुठला तरी तक्ता भरण्यासाठी दिला जातो. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, मतदारयाद्या, गणवेशाच्या नोंदी, भ्रमणध्वनीवरून तातडीने पाठवायची छायाचित्रे यांतून काही वेळ उरलाच, तर त्यांनी शिकवावे! २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचे २७वे कलम जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपण्यास मनाई करते. पण कायदा कागदावर आणि गुरुजी कारकुनीत, हे दृश्य खेडोपाडी दिसते.

याच कायद्याच्या परिशिष्टात आणखी एक वास्तव दडले आहे. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. वर्ग चार, शिक्षक दोन. म्हणजे एका शिक्षकाने एकाच वेळी दोन इयत्ता सांभाळायच्या, आणि दुसरा बैठकीला गेला की चारही. प्रशिक्षणवर्गातील पाठ मात्र एक इयत्ता, एक शिक्षक हे गृहीत धरून आखलेले. वर हा प्रश्न विचारलाच, तर 'पीअर लर्निंग' असे भारदस्त नाव ऐकवले जाते, जणू मोठ्या मुलाने लहानाला शिकवावे ही कल्पना विमानातून उतरली आहे.

ती खरोखरच परदेशातून परत आली आहे. पण गेली होती येथूनच. पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने १६२३ मध्ये कन्नड मुलखात मुले एकत्र बसून, सुरात म्हणत आणि वाळूवर बोटाने लिहीत धडा पक्का करताना पाहिली व त्याचे वर्णन लिहून ठेवले. पुढे अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री १७८९ मध्ये मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. एका देशी शाळेत मुले वाळूवर अक्षरे गिरवताना त्याने पाहिली आणि आपल्या शाळेत तसे करण्यास सांगितले. पगारी शिक्षक राजी होईनात, तेव्हा त्याने आठ वर्षांच्या एका मुलावरच लहानांचा वर्ग सोपवला. प्रयोग साधला. १७९७ मध्ये त्याने त्याचा वृत्तांत लंडनमध्ये प्रसिद्ध केला आणि गरिबांच्या मुलांना शिकवण्यासाठी इंग्लंडने ही 'मद्रास पद्धती' उचलून धरली. पुढे १८३५ मध्ये मेकॉलेने या देशाच्या विद्येला कवडीमोल ठरवले. धर्मपाल यांनी १९८३ मध्ये देशी शाळांविषयीचे इंग्रजांचेच दप्तर ग्रंथरूपाने समोर ठेवले, तरी आपले शिक्षणपंडित परकीय शिक्का उमटल्याशिवाय घरचे नाणे स्वीकारत नाहीत.

याचा अर्थ पंतोजींची छडी परत आणावी असा मुळीच नव्हे. ती गेली हे उत्तमच झाले. बाहेरचे काही घेऊच नये, असेही नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले, तेव्हा माँटेसोरीबाईंचे ऋण त्यांनी लपवले नाही. पण ते शिक्षण गुजराती गोष्टींत आणि खेळांत असे मुरवले की ते तेथील मातीचेच झाले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. साधनांची यादी मंजूर होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

दोन इयत्तांच्या वर्गातही हे आज करता येते. मात्र लहानांना शिकवण्यासाठी नेहमी हुशारच मुलगा निवडला, तर डाव फसतो. तो उत्तर सांगून मोकळा होतो आणि त्याच्या अंगी मिजास तेवढी चढते. चौथीतील ज्या मुलाची हातच्याची वजाबाकी अजून डळमळते, त्यालाच दुसरीच्या दोघांना वजाबाकी शिकवण्यास सांगावे. आदल्या दिवशी त्याला पाच मिनिटे जवळ घेऊन गणित दाखवावे. दुसऱ्या दिवशी तो 'गुरुजी' असतो. मागच्या इयत्तेचे गणित गिरवावे लागते याची लाज त्याला वाटत नाही, कारण तो शिकायला नव्हे, शिकवायला बसलेला असतो. दर आठवड्याला जोड्या बदलाव्यात, मुलींनाही तितकाच मान द्यावा आणि शेवटी गुरुजींनी लहानाला विचारून पाहावे. लहानाचे चुकले, तर बोल कोणालाच न लावता दोघांना एकत्र बसवून पुन्हा दाखवावे.

दिवसाची पहिली दहा मिनिटे सर्वांची मिळून तोंडी उजळणी घ्यावी. पावकी-निमकी कालबाह्य ठरवून हद्दपार झाली आणि तोंडी हिशेबाची सवयही तिच्याबरोबर गेली. प्रश्न आधी विचारावा, क्षणभर थांबावे, मग नाव घ्यावे. आधी नाव घेतले की उरलेली सारी डोकी सुटीवर जातात. सगळ्या वह्या रोज तपासण्याचा अट्टहास सोडून रोज एक रांग नीट तपासावी. आणि नंदुरबारचे पोर पावरीत किंवा मेळघाटचे कोरकूत उत्तर देत असेल, तर ते आधी उत्तर म्हणून स्वीकारावे. प्रमाण मराठी त्यानंतर शिकवता येते.

आता प्रश्न उरतो समाजाचा, आणि तो अधिक अवघड आहे. मातृभाषेच्या गौरवाची व्याख्याने टाळ्यांच्या गजरात ऐकणाऱ्या घरांतील मुलेच सकाळी इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसची वाट पाहत असतात. यात राष्ट्रीय विचारांची घरेही मागे नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला, तेव्हा त्याचे स्वागत करणाऱ्यांनी आपल्या पाल्याच्या प्रवेशाचा अर्ज मात्र पाहिला नाही. परिणामी शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असूनही, प्रशासनाला २७वे कलम दाखवू शकणारा पालक तेथे सापडत नाही. गुरुजी एकटे पडतात.

मूल त्या शाळेत नसले, तरी गावातील निवृत्त बँक कर्मचारी शनिवारी सकाळी शाळेत जाऊन तांदळाच्या नोंदी लिहून देऊ शकतो. एखादी पदवीधर गृहिणी संगणकावरील माहिती भरण्यास हातभार लावू शकते. स्वाक्षरी मुख्याध्यापकांचीच राहील, पण फळ्यासमोरचे चार-सहा तास गुरुजींना परत मिळतील. येत्या ५ सप्टेंबरला हार घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी मुख्याध्यापकांना एवढेच विचारावे : कोणती वही आम्ही लिहू?