चाळीस दिवसांचे गाव

मार्सेलिस म्हटले की मराठी माणसाला ८ जुलै १९१० ची सावरकरांची उडी आठवते, आणि आपल्यापुरता त्या शहराचा इतिहास तिथेच संपतो. वास्तविक ग्रीक दर्यावर्द्यांनी इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास वसवलेले हे बंदर. फ्रेंच लोक त्याला 'मार्सेय' म्हणतात. आपण इंग्रजांकडून 'मार्सेलिस' उसने घेतले ते अजून परत केलेले नाही!

मी त्या गावाच्या वाटेला गेलो तो एका शब्दामुळे. २०२० साली 'क्वारंटाईन' पोराटोरांच्या तोंडी झाला. मास्तरकीची खोड, मूळ शोधू लागलो. इटालियन भाषेत 'क्वारांता' म्हणजे चाळीस. साथीच्या मुलखातून आलेल्या जहाजाने चाळीस दिवस गावाबाहेर काढायचे. आपले सुतक दहाच दिवसांचे, हे चौपट!

मार्सेलिसमध्ये हा नियम कडक होता. तरी २५ मे १७२० रोजी 'ग्रां सँ आंत्वान' हे जहाज सिरियाच्या किनाऱ्याकडून रेशीम आणि कापूस घेऊन आले. वाटेत काही खलाशी मेले होते, जहाजावरचा वैद्यही गेला होता. असल्या जहाजाची जागा दूरच्या झार बेटावर. पण बोकेरची मोठी जत्रा जुलैत, माल लाखमोलाचा, आणि त्या मालात शहराचे पहिले कारभारी एस्तेल यांचाच वाटा. माल गावालगतच्या वखारीत उतरला. तिथून कापड चोरवाटांनी गावात शिरले आणि त्याबरोबर प्लेग.

नव्वद हजारांच्या वस्तीतली सुमारे चाळीस हजार माणसे गेली. रस्त्यात प्रेते कुजू लागली. १६ सप्टेंबरला शेवालिए रोझ नावाच्या गृहस्थाने सैनिक आणि कैदी हाताशी धरून एका मैदानातली हजारबाराशे प्रेते पुरली. रोझ वाचला, कैदी बहुतेक सगळे मेले.

एस्तेलसाहेबांना मी मनसोक्त शिव्या देणार होतो. पण २०२० साली मलाही चौदा दिवस घरात बसायला सांगितले होते, आणि बाराव्या दिवशी संध्याकाळी मी पिशवी घेऊन कोपऱ्यावर भाजीला गेलो होतो. सौभाग्यवतींना हे आजच कळेल.

२६ सप्टेंबर १७२० रोजी सरकारी हुकमाने ते जहाज जाळण्यात आले. जाळले त्याच झार बेटापाशी.